मेजरचा कान

मेजर हे मेजर नव्हते. फौजेतून ते साधे शिपाई म्हणून सुटले होते. पण पळसदरीच्या फाट्यावर एखाद्याला एकदा नाव चिकटलं की ते माणसाबरोबरच जळतं. कचेरीत त्यांच्याबरोबर जो कोणी जायचा तो ऐटीत सांगायचा, हे आमचे मेजर. टेबलापलीकडचा माणूस कागद चाळायचा, वर बघायचा, पुन्हा कागदात बघायचा आणि म्हणायचा, यात तर शिपाई लिहिलंय. झालं. पेन्शनचं काम सुरू व्हायच्या आधीच हसं झालेलं असायचं.

माझं पंक्चरचं दुकान फाट्यावर, आणि समोरच्या बंगल्याच्या गेटवर मेजर वॉचमन. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस काठी घेऊन उन्हात उभा. आणि उभा कुठं, तर स्वतःच्याच भातखाचरावर. भाऊबंदांनी मिळून जमीन विकली, यांच्या वाट्याला जे आलं ते घरावरच्या पत्र्यात आणि बायकोच्या आजारपणात गेलं, आणि मग ज्यानं जमीन घेतली त्यानंच उपकार केल्यासारखी नोकरी दिली. मला याची चीड यायची. मेजरांना नाही यायची. ते मला गेटमधून आत बोट करून दाखवायचे, "तो स्विमिंग पूल हाय ना, तितं आमचं रोप व्हायचं. बघ, पानी आजबी तितंच साचतंय."

रोज घोटून दाढी. पायात रबरी चप्पल, पण ती ओल्या फडक्यानं पुसलेली. शेठची गाडी आली की गेट उघडायचे, बाजूला उभे राहायचे, पण सलाम नाही. शेठच्या मुलानं एकदा समजावलं की शेजारच्या बंगल्याचा वॉचमन कसा कडक सॅल्यूट मारतो, तसं करत जा, पाहुण्यांवर छाप पडते. मेजर म्हणाले, डोक्यावर टोपी नसताना सलाम नसतो, टोपी द्या, करतो. त्या बहाद्दरानं पुढच्या शनिवारी खरंच टोपी आणली, कुठल्याशा सिमेंटची जाहिरात असलेली. मेजरांनी ती घेतली, नीट झटकली आणि बायकोला दिली. काकी त्याच बंगल्याच्या लॉनमधलं गवत निवडायला बसायची, तिला ऊन लागायचं.

आता कुणाला वाटेल, काय देवमाणूस. तसं काही नाही हं. तिरसट होते, हट्टी होते, आणि थापा मारण्यात तर त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. शनिवारी बंगल्यावर मुंबईची मंडळी यायची, त्यांना कळायचं की वॉचमन एकाहत्तरच्या लढाईतला आहे. मग खुर्ची यायची, ग्लासात रम यायची, आणि मेजर त्यांना पाहिजे तशी लढाई काढून द्यायचे. एका पाहुण्यासाठी एक रणगाडा फोडला, तर दुसऱ्यासाठी तीन. दुसऱ्या दिवशी मी विचारायचो, काय मेजर, काल किती मारले? ते म्हणायचे, रम संपली म्हणून थांबलो, नायतर लाहोर घेतलं असतं. खरं तर ते मोर्टारचे गोळे पाठीवरून वाहायचे. हे फक्त मला माहीत होतं, आणि तेही त्यांनी एकदा ताप आला असताना सांगितलं म्हणून.

डावा कान ठार गेलेला. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून. नवा माणूस डावीकडून काही बोलला तर हे सबंध अंग फिरवून त्याच्याकडे बघायचे, आणि समोरच्याला वाटायचं, म्हातारा अंगावर येतोय. काकी आयुष्यभर त्यांच्या उजव्या हातालाच बसली, जेवताना, गाडीत, लग्नाच्या पंगतीत. लग्न लागताना भटजींनी तिला डाव्या बाजूला बसवलं होतं, तेवढाच काय तो अपवाद, असं ती सांगायची.

हा कान कसा गेला, ही फाट्याची लाडकी गोष्ट. मेजर ती स्वतः सांगायचे, उभं राहून, नकला करून. त्या काळी आमच्याकडची पोरं फौजेत गेली तरी भाताच्या लावणीला घरी लागायचीच. एरवी सुट्टी मिळायची नाही. मग ज्येष्ठ लागला की कर्जतच्या पोस्टातून तारा सुटायच्या, बाप अत्यवस्थ, ताबडतोब निघा. घराघरातून तीच तार. तारमास्तर नाव विचारून घ्यायचा, मजकूर विचारायचाच नाही. पलटणीतला साहेब म्हणायचा, "तुम कर्जतवालों के बाप बारिश में ही क्यों बीमार पडते हैं?" इथं फाटा पहिल्यांदा हसायचा. तर मेजरांना अशी पहिली तार आली, त्यांना हा रिवाज ठाऊक नव्हता. बिचारा रडत रडत दोन गाड्या बदलून आला. बघतो तर बाप गुडघाभर चिखलात, औतामागं, टणटणीत. पोरगा तावातावानं बोलला. बापानं बैल थांबवले, चिखलाच्या हातानं कानफटात दिली आणि म्हणाला, "जित्ता हाय म्हनून रडतोस व्हय रं?" तेव्हापासून कान गेला. इथं फाटा दुसऱ्यांदा हसायचा, आणि चहावाला मेजरांना एक चहा फुकट द्यायचा.

ही गोष्ट इतकी मुरली की सरपंच ती सव्वीस जानेवारीच्या भाषणात सांगायला लागले. आमच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला मेजरांचा सत्कार. शाल आणि श्रीफळ. दर वर्षी. घरात शाली इतक्या झाल्या की काकीनं त्या कापून, जोडून गोधड्या शिवल्या. नारळ ते आमच्या इथल्या किराणावाल्याला परत विकायचे आणि पुढच्या सत्काराला पंचायत त्याच्याकडूनच नारळ घ्यायची. एकदा मेजर नारळ हलवून मला म्हणाले, "ह्यो माज्या वळखीचा वाटतो." मी हसलो. पण रात्री भाकर कुणी दिली का त्यांना? शाल पांघरून पोट भरतं का? सत्कार करणाऱ्यांपैकी एकानंही कधी विचारलं नाही की मेजर, या वयात उभं राहून राखण का करताय, पेन्शनचं काय झालं.

पेन्शनचं काय झालं ते सांगतो. लढाई संपून काही महिने झाले असतील. पुन्हा ज्येष्ठ, पुन्हा तार, बाप अत्यवस्थ. साहेबानं हसून ती बाजूला ठेवली. या वेळी ती खरी होती. बापाची एक बाजू लुळी पडली होती. घरात दुसरा पुरुष माणूस नाही, रोप वर आलेलं. मेजरांनी सुट्टीसाठी हातापाया पडून बघितलं आणि शेवटी फौजेतून नावच काढून घेतलं. कागदावर लागलं, स्वतःच्या विनंतीवरून. पुढं जिथं जिथं अर्ज केला तिथं याच दोन शब्दांनी तोंडाला पानं पुसली. तुम्हीच आलात ना सोडून, मग कसली पेन्शन? बाप त्या वर्षीची लावणी खाटेवरून बघून, भात पोटरीत असताना गेला.

काकी त्यानंतरच्या उन्हाळ्यात लग्न करून आली. म्हणजे सासऱ्याला तिनं बघितलंही नव्हतं. पण त्या थपडेपायी तिचा त्या न बघितलेल्या माणसावर जन्माचा राग. सगळा फाटा हसायचा तेव्हा ती हसायची नाही. पितृपक्षात पान वाढायची, पण म्हणायची, पोटच्या पोराचा कान फोडणारा मेला, कावळा होऊन तरी कोणत्या तोंडानं येतोय. आणि कावळा यायला उशीर झाला की मेजर घरात गप्प बसलेले असायचे. मला वाटायचं, बापाला शिव्या पडतात म्हणून वाईट वाटत असेल.

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गावानं काकीला काय काय ऐकवलं असेल याची कल्पना करा. हळदीकुंकवाला टाळलं, बारशाला मागं बसवलं. मेजरांच्या मावशीनं तर त्यांचं दुसरं लग्न ठरवायला घेतलं होतं. मेजरांनी मावशीला काठी घेऊन फाट्यापर्यंत पिटाळलं. तेवढं केलं त्यांनी.

दोन वर्षांमागं त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून परत आले ते निम्मे होऊन. माझ्या दुकानात टायरवर बसले, बराच वेळ दम खाल्ला. मी म्हणालो, आता बास करा मेजर, तो पेन्शनचा नाद सोडा, जिवाला जपा. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला होता, सगळं ऐकलं.

"मला नको रं," ते म्हणाले. "मी काय, आज हाय उद्या नाय. पन ती कुनाच्या दारात उभी ऱ्हाईल? बंगल्यावालं मला ठेवतात म्हनून ती खोली हाय. मी गेलो की खोली गेली."

मग मीच खटपट केली. खालापूरला माजी सैनिकांचा मेळावा होता, तिथं त्यांना नेलं. स्टेजवर भाषणं चालली होती, शाली निघत होत्या. आम्ही मागच्या बाजूला एका टेबलाशी गेलो. तिथं साताऱ्याकडचे एक म्हातारे सुभेदार बसले होते, साध्या बुशशर्टात, लोकांची कामं फुकट करणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की नोकरीची पेन्शन विसरा, ती मिळणार नाही. पण लढाईत अंगाला काही झालंय का? तसं असेल तर अपंगत्वाची पेन्शन बसते, आणि तुमच्यामागं बाईंनाही चालू राहते. मी घाईनं सांगायला लागलो की कान गेलाय, पण तो आपला बापाच्या...

मेजरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कान लढाईत गेला," ते म्हणाले.

मला वाटलं, पुन्हा थाप. पण नक्कल नव्हती, आवाज नव्हता. मोर्टारजवळ समोरून गोळा पडला, बरोबरचे दोघं गेले, यांच्या डाव्या कानातून रक्त आलं. डॉक्टरनं कापूस घातला, पुन्हा गोळे वाहायला लागले. सुभेदारांनी विचारलं, मग सुटताना तपासणीत का नाही सांगितलं? कागदावर तर फिट आहे.

"साहेब, कान सांगितला असता तर मेडिकल बोर्डासाठी हास्पिटलात महिनाभर ठेवलं असतं," मेजर म्हणाले. "घरी रोप उभं व्हतं. म्हैनाभरानं त्येला गाठी आल्या असत्या, मंग लावून काय फायदा? डाक्टरनं घड्याळ कानाला लावलं, टिकटिक येते का इचारलं. म्हटलं, येते साब. फिट."

सुभेदारांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, माझ्या सगळ्या आयुष्यात असा गाढव बघितला नाही. पण ते रागानं म्हणाले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथं अर्ज लिहायला घेतला. त्यांच्या हातून अशी एक-दोन कामं झाली होती. मेजरांच्या पलटणीतला एक जण वाईकडे अजून हयात आहे, त्याचा शब्द मिळेल म्हणाले. कानाची तपासणी होईल, मग एखादा माणूस घरी चौकशीला येईल. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी खरं ते सांगावं, म्हणजे झालं.

परत येताना टेंपोत मी त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, मेजर, आता घरी गेल्या गेल्या काकीला सांगा. आधी तिला, मग फाट्याला. आणि ही थपडेची भानगड काढलीत कशाला मुळात? मग त्यांनी सांगितलं. लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडचे विचारत होते, पोरगा लढाईतून आलाय, कुठं लागलंबिगलं नाही ना? बॉम्बच्या हादऱ्यानं पुरुष आतून जातो, त्याला मूल होत नाही, अशी तेव्हा बोलवा होती. बापाची थप्पड कुणालाही चालण्यासारखी होती. म्हणून थप्पड. लग्न झालं. मग पाच वर्षं, दहा वर्षं, मूल नाही. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

"लोक तिला वांझ म्हनायचे, मी ऐकत बसायचो," मेजर म्हणाले. "ह्या एका कानानं सगळं ऐकू यायचं रं."

मी म्हणालो, पन्नास वर्षं झाली, आता कोण काय म्हणतंय, आजच सांगा. सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर सांगतो म्हणाले. आठवड्यानं विचारलं, तर चिडले, मला काय शिकवतोस. रणगाडे फोडणारा माणूस एका बाईसमोर ही एवढी गोष्ट बोलायला घाबरत होता. मी हात टेकले. मला वाटलं, चौकशीवाला यायच्या आधी तरी बोलतील.

तो आला त्या दिवशी मी ट्यूब आणायला खोपोलीला गेलो होतो, आणि मेजरांना शेठनं गॅसची टाकी आणायला कर्जतला पाठवलं होतं. परत आलो तर काकी दुकानाशी उभी. डोक्यावर ती सिमेंटची टोपी, तोंडावर हसू. मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती.

"पेन्शनवाले येऊन गेले बरं का," ती म्हणाली. "लई चांगला मानूस. चा केला त्यास्नी. ह्यांच्या कानाचं इचारत व्हते, कसा गेला, कंदी गेला. मी काय लपवलं नाय. म्हटलं, लढाईच्या आधीचंच हाय ते, सासऱ्यानं थोबाडीत मारली व्हती. समदं खरं खरं सांगितलं. अंगठाबी दिला."

जिच्यासाठी सगळं चाललं होतं, तिनंच चहा पाजून नाही म्हणवून घेतलं होतं, आणि तीही पन्नास वर्षं जे खरं समजत होती तेच बोलली होती. ते बोलणं चौकशीवाल्यानं मग चहाच्या टपरीवरही विचारून बघितलं. तिथं तर काय, चार जणांनी मिळून हसत हसत, नकलेसकट सांगितलं.

मेजर टाकी घेऊन आले. मी सांगितलं. त्यांनी टाकी खाली ठेवली, झाकण नीट बसलंय का बघितलं आणि गेटवर जाऊन उभे राहिले.

नकार यायला काही महिने लागले. सुभेदारांनी मला फोनवर सांगितलं की आता काही करू नका, बायकोचाच जबाब आहे, तो फिरवायला गेलात तर वाईच्या माणसालाही खोटं ठरवतील. हे, आणि कान खरा कसा गेला तेही, काकीपर्यंत पोचायचंच होतं, पोचलं. त्या संध्याकाळी ती बंगल्याच्या पायरीवर आली. मी शटर ओढत होतो, मला समोर दिसत होतं. मेजर बसले होते. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. आणि बोलायला लागली. खूप वेळ बोलली, हातवारे करून, मध्येच डोळे पुसून, मध्येच कपाळावर हात मारून. मेजर समोर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही, कान फिरवला नाही. तिला त्यांना ऐकवायचं नव्हतं, आणि बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं.

त्यानंतर ती त्यांच्याशी चांगली वागली, हे सांगायला हवं. दवापाणी केलं, अंगाखाली शालींची गोधडी घातली. त्या भाद्रपदात सासऱ्याचं पान तिनं पहिल्यांदा तोंडातून अवाक्षर न काढता वाढलं, आणि पानावर डोकं टेकून बसली.

मेजर दिवाळीनंतर गेले. फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला, मागं रणगाडा, पुढं मेजरांचा फोटो, खाली गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांची तोंडं, मेजरांपेक्षा मोठी. नावाआधी मेजर लिहिलं होतं. शेठनं काकीला महिनाअखेरपर्यंत खोलीत राहू दिलं, मग नवा वॉचमन आला. हा सलाम करतो. काकी आता माझ्या दुकानामागच्या पडवीत झोपते आणि दिवसा तेच लॉन निवडते.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला शाळेत तिला बोलावलं. वीरपत्नी म्हणून. मी पुढं बसलो होतो. सरपंचांनी भाषणात मेजरांची आठवण काढली, तारेची गोष्ट सांगितली, थप्पड सांगितली, मैदान हसलं. मग शाल अंगावर टाकली, नारळ हातात दिला आणि कुणीतरी म्हणालं, आजी, दोन शब्द बोला.

तिनं नारळ खाली ठेवला. माइक दोन्ही हातांनी धरला.

"ह्यांचा कान लढाईत गेला व्हता," ती म्हणाली. "माज्या सासऱ्यानं कंदीच हात उचलला नाय. सासरा चांगला व्हता. मी खोटं सांगितलं, लिहून घ्या."

मैदान आणखी मोठ्यानं हसलं. मेजरचा कान म्हटलं की आमच्याकडे लोकांना हसायचंच माहीत आहे. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. ती माइक धरून तशीच उभी होती, कुणी लिहून घेतंय का बघत.